बित्चू मात्सुयामा: जपानचा डोंगरी किल्ला पायथ्यापासून कसा पाहावा

ओसाकाच्या किल्ल्याचा आजचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे आणि वर जायला लिफ्ट आहे. नागोयाचा जुना मनोरा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आज दिसतो तो नंतर उभारलेला. जुन्या काळापासून मूळ लाकडात उभे असलेले मनोरे सगळ्या जपानात बाराच उरलेत. हिमेजी त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. पण या बारांपैकी बहुतेक सपाटीवर किंवा शहरातल्या टेकाडावर आहेत. खऱ्या डोंगरी किल्ल्यावरचा मनोरा एकच, ओकायामा प्रांतातल्या ताकाहाशी गावाच्या डोक्यावरचा बित्चू मात्सुयामा. समुद्रसपाटीपासून ४३० मीटरवर.

ज्याला गड चढून पाहायची सवय आहे त्याने जपानमध्ये एकच किल्ला पाहायचा ठरवला तर हा पाहावा, असं माझं ठाम मत आहे. आणि तो पायी चढावा. इथला मनोरा उंचीला जेमतेम ११ मीटर, बारांत सगळ्यात लहान. थेट त्याच्यापाशी जाऊन उभं राहिलात तर दहा मिनिटांत पाहून होईल. या गडाचं खरं बळ वाटेवर आहे. कातळ कुठे तसाच ठेवला, तट कुठे चढवला, वाट कुठे मुद्दाम वळवली, हे चढताना कळतं. म्हणून पुढची सगळी आखणी पायथ्यापासून वरपर्यंत अशी केली आहे.

आधी नाव नीट पाहा

नकाशावर नुसतं ‘मात्सुयामा किल्ला’ शोधलंत तर शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा शहरातला किल्ला समोर येतो. तोही सुंदर आहे, त्याचाही मूळ मनोरा शाबूत आहे, पण तो समुद्रापलीकडे आहे. हा घोळ जुनाच. त्यामुळेच १८६९ साली इथल्या गावाचं नाव बदलून ताकाहाशी केलं गेलं. शोधताना ‘बित्चू’ हा शब्द हवाच आणि रेल्वे स्थानकाचं नाव ‘बित्चू-ताकाहाशी’. तिकीट काढण्याआधी एवढं जुळतंय ना, ते बघा.

कधी जावं

ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी असते, मेपल लाल झालेले असतात, पहाटे दरीत धुकं भरतं. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. एप्रिलमध्ये चेरीचा बहर असतो. जून-जुलैत पावसाळा असतो, दगडी पायऱ्या निसरड्या होतात. ऑगस्टमध्ये दमट उकाड्याने जीव नकोसा होतो आणि झाडीत डासही पुष्कळ. हिवाळ्यात थंडी बरी असते, पण बर्फ पडला तर वाट जपून चालावी लागते.

किल्ला सकाळी ९ ला उघडतो. एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी साडेपाचपर्यंत, ऑक्टोबर ते मार्च साडेचारपर्यंत. डिसेंबरच्या २९ तारखेपासून ३ जानेवारीपर्यंत बंद. प्रवेश प्रौढांना ५०० येन. दर आणि वेळा बदलू शकतात, तेव्हा निघण्याआधी ताकाहाशीच्या पर्यटन संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

ओकायामापर्यंत, आणि तिथून पुढे

ओकायामा हे नाव पुणेकरांना परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. हाताशी अर्धा दिवस असेल तर मूळ बाग जरूर पाहा. स्थानकापासून ट्राम आहे, आणि नदीपलीकडेच ओकायामाचा काळा किल्ला आहे.

तोक्योहून ओकायामा शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, नोझोमी गाडीने साडेतीन तासांच्या आत येतं, शिन-ओसाकाहून पाऊण तासात. सगळ्या जपानला चालणारा रेल्वे पास घेतला असेल तर नोझोमीला वेगळे पैसे पडतात, हे लक्षात असू द्या. हिकारी किंवा साकुरा पकडली तर पासवर भागतं.

ओकायामाहून हाकुबी मार्गावरच्या गाड्या ताकाहाशीला जातात. ‘याकुमो’ ही जलद गाडी साधारण ३५ मिनिटं घेते, साधी लोकल तासाभराच्या आत पोचवते. २०२४ च्या मार्चपासून याकुमोचे सगळे डबे आरक्षित झालेत. आता सीट राखून ठेवल्याशिवाय चढू नका. पास असला तरी सीटचं आरक्षण ओकायामाच्या खिडकीवर करून घ्यावं लागतं. मला लोकल जास्त आवडते. गाडी ताकाहाशी नदीच्या काठाने वर सरकत जाते, दरी दोन्ही बाजूंनी आवळत येते आणि गड इथेच का बांधला ते खिडकीतूनच समजायला लागतं. उत्तरेकडच्या सान-इन किनाऱ्याला दक्षिणेच्या समुद्राशी जोडणारी वाट या दरीतून जायची. ज्याच्या हाती हा डोंगर, त्याच्या हाती ती वाट. म्हणूनच या गडासाठी एवढ्या लढाया झाल्या.

बित्चू-ताकाहाशी स्थानकाला लागून गावाचं वाचनालय आणि पर्यटन माहिती केंद्र आहे. तिथे तीन कामं उरका: नकाशा घ्या, जड सामान कुठे ठेवता येईल ते विचारा आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्या.

पायथ्यापासून फुइगो खिंडीपर्यंत

वर जायचे तीन मार्ग आहेत. कोणता घ्यायचा ते गुडघ्यांवर आणि वेळेवर ठरवा.

पहिला, पूर्ण पायी. स्थानकापासून जुन्या गावातून, सामुराई वस्तीतून डोंगराच्या पायथ्याला यायचं आणि झाडीतली पायवाट धरायची. वरपर्यंत साधारण दीड तास. पायथ्याला जी शाळा दिसते, ती ताकाहाशी हायस्कूल, जुन्या ‘ओनेगोया’च्या जागेवर आहे. ओनेगोया म्हणजे दाइम्योचा, म्हणजे इथल्या सरदाराचा, खालचा वाडा आणि कचेरी. एरवी तो खालीच राहायचा, कारभार खालूनच चालायचा. वरचा गड युद्धासाठी होता. शाळेच्या बाहेरूनच दगडी तट नीट दिसतात. आत शाळा चालू असते, तेव्हा आत शिरू नका.

या वाटेवर एक बसका दगड आहे. ओइशी कुरानोसुके त्यावर टेकून दम खायचा, असं सांगतात. धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या ४७ रोनिनांचा, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंचा, म्होरक्या म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला हाच ओइशी. १६९३ साली इथल्या मिझुनोया घराण्याला वारस उरला नाही आणि शोगूनने, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, गड ताब्यात घ्यायचं काम अको संस्थानाच्या आसानोंवर सोपवलं. आसानोंचा कारभारी म्हणून ओइशी आला. गडावरच्या मिझुनोयांच्या कारभाऱ्याचं नावही कुरानोसुकेच, त्सुरुमी कुरानोसुके. घर बुडालेल्या सामुराईंनी गडावर मरायची तयारी केली होती. दोघा कुरानोसुकेंनी बोलणी केली आणि रक्ताचा थेंब न सांडता गड हाती आला. त्यानंतर ओइशी वर्षाहून अधिक काळ गडाची राखण करत इथे राहिला. पायी न येणाऱ्यांना हा दगड दिसत नाही.

दुसरा मार्ग टॅक्सीचा. स्थानकापासून फुइगो खिंडीतल्या वाहनतळापर्यंत दहा-पंधरा मिनिटं लागतात. अनेकांत मिळून जाणारी स्वस्त टॅक्सीही आहे. तिची नोंदणी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत करावी लागते. ऐन वेळी मागितली तर मिळत नाही.

तिसरा, स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने. गर्दीच्या सुट्ट्यांना खिंडीपर्यंत खाजगी गाड्या सोडत नाहीत. खाली शिरोमीबाशी पार्कमध्ये गाडी लावायची आणि तिथून बसने खिंडीत यायचं. रस्ता अरुंद आहे, त्यामुळे ही सक्ती योग्यच.

कुठल्याही मार्गाने आलात तरी खिंडीपासून वर शेवटचे सुमारे ७०० मीटर पायीच जावं लागतं. वीसेक मिनिटांचा चढ, बराचसा पायऱ्यांचा. खिंडीतलं स्वच्छतागृह वापरून घ्या, पाण्याची बाटली भरून घ्या. बूट पकड असलेले हवेत, ट्रेकिंगचेच पाहिजेत असं नाही. आणि मोजे धड, न फाटलेले घाला. मनोऱ्यात बूट काढून जावं लागतं.

या डोंगरावर माकडं आहेत. त्यांचा इथला अधिवास १९५६ पासून राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहे. खायला घालू नका, पिशवी उघडी ठेवू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका.

चढाच्या अर्ध्यावर झाडीत एक दगडी चौथरा लागतो, नाका-ताइको-नो-मारू. इथे ढोल असायचा. खालच्या वाड्यातून आलेली वर्दी ढोलाच्या आवाजावर वर पोचायची आणि वरची खाली. चौथऱ्यावरून गाव आणि नदी दिसते. दम लागला असेल तर इथे थांबा, पुढे थांबायला मोठं कारण आहे.

महादरवाजा: इथे घाई करू नका

झाडी संपते आणि समोर उघडा कातळ येतो. दहा मीटरहून उंच. त्या कातळाच्या डोक्यावर, जराही जागा न सोडता, माणसाने रचलेला दगडी तट चढवलेला आहे, आणि तटावर पांढरी मातीची भिंत. ही ओते-मोनची, म्हणजे महादरवाजाची जागा. दरवाजा आज नाही, जोती आणि तट आहेत. माझ्या मते अख्ख्या गडावरची ही सर्वांत पाहण्यासारखी जागा आहे, आणि नेमकी इथेच मंडळी एक फोटो काढून पुढे पळतात.

इथे अर्धा तास द्या. आधी खाली उभं राहून मान वर करून पाहा. डावीकडे, उजवीकडे आणि समोर अशा एकावर एक चढत गेलेल्या तटाच्या रांगा दिसतील. शत्रू दरवाजाशी आला की तिन्ही बाजूंनी वरून माऱ्यात सापडतो. मग कातळ आणि तट जिथे एकमेकांना भिडतात, तो सांधा शोधा. खालचा दगड ओबडधोबड, निसर्गाने ठेवला तसा, वर चढत गेलेला चिरा घडीव. कातळ तोडून सपाट करण्यात वेळ घालवलेला नाही. त्याच्या उंचसखलपणावरच दगड बसवत नेला आहे. सह्याद्रीत कड्याच्या काठाने तट फिरवतात, त्याच विचाराचं हे काम आहे, पण इथे कातळच तटाचा खालचा मजला झाला आहे.

आता पायऱ्या चढताना शेजारची मातीची भिंत बघा. तिचा एक तुकडा मूळचा आहे, एदो काळातला (शोगूनांच्या राजवटीचा, १६०३ ते १८६८), राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जपलेला. बाकीची भिंत पुन्हा बांधलेली. भिंतीत जंग्या आहेत, काही उभ्या चौकोनी, काही गोल. चौकोनी बाणांसाठी, गोल बंदुकीसाठी. एका जंगीतून वाकून बाहेर पाहा. जी वाट तुम्ही आत्ताच घाम गाळत चढून आलात, तीच समोर येते.

महादरवाजानंतर वाट सरळ जात नाही. वळते, चढते, पुन्हा वळते. सान-नो-मारू, नि-नो-मारू असे एकेक टप्पे ओलांडत बालेकिल्ल्यापाशी येता. नि-नो-मारूचं मैदान मोकळं आहे, बसायला जागा आहे, आणि मनोऱ्याचा फोटो इथूनच उत्तम येतो. शिदोरी इथे सोडा. कचरा परत खाली न्यायचा, हे वेगळं सांगायला नको.

बालेकिल्ला आणि मनोरा

तिकीट बालेकिल्ल्याच्या दरवाजालगतच्या बुरूजघरात मिळतं. हा दरवाजा आणि शेजारची बुरूजघरं १९९७ मध्ये पुन्हा उभारली आहेत. आतला मनोरा मात्र मूळचा. गडाचा इतिहास १२४० पासून सुरू होतो, तेव्हा आकिबा शिगेनोबूने मागच्या शिखरावर ठाणं बांधलं. आज जे दिसतं ते रूप मिझुनोया कात्सुमुनेने १६८१ ते १६८३ या तीन वर्षांत दिलं.

समोरून पाहताना पहिल्या मजल्यावरची पुढे आलेली मोठी जाळीदार खिडकी आणि तिच्यावरची कमानदार छपराची घडण पाहा. तिच्यामुळे छोटा मनोरा भारदस्त दिसतो. बूट काढून आत शिरा. जिने फार चढे आहेत, दोन्ही हात मोकळे ठेवा.

पहिल्या मजल्यावर जमिनीत एक लांबट चूल आहे, साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. मनोऱ्याच्या आत अशी चूल दुर्मीळ. वेढा पडला तर सरदाराचं जेवण आणि थंडीत ऊब, दोन्ही इथेच. चुलीच्या मागे थोड्या उंचावर एक खोली दिसेल, शोझोकू-नो-मा. वेढ्यात सरदाराच्या कुटुंबाने राहायची जागा. तिच्या जमिनीखाली दगड ठासून भरले आहेत, म्हणजे खालून कोणी घुसू नये. गड पडणार हे नक्की झालं तर कुटुंबाने इथेच शेवट करायचा, असं सांगतात. प्रत्यक्षात ती वेळ इथे कधी आली नाही.

वरच्या मजल्यावर देवघर आहे. कात्सुमुनेने गडाच्या रक्षणासाठी देवतांची स्थापना केली, त्यात तलवारींची पूजा होती. तुळया पाहा. त्यांचं लाकूड वाकडं आहे तसंच वापरलं आहे आणि त्यावर तासणीच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात.

हे सगळं वाचलं कसं, तेही सांगितलं पाहिजे. १८६८ च्या यादवीत इथला सरदार इताकुरा कात्सुकियो शोगूनच्या बाजूचा होता. मागे गावात राहिलेला त्याचा वृद्ध सल्लागार यामादा होकोकू, शेतकरी घरात जन्मून संस्थानाचं प्रचंड कर्ज फेडणारा हा विद्वान, त्याने गड न लढता नव्या सरकारच्या फौजेच्या हवाली केला. गाव वाचलं. पुढे १८७३ मध्ये जपानभरचे किल्ले मोडीत काढायचा हुकूम निघाला. हा गड अवघ्या ७ येनला विकला गेल्याचं सांगतात. पण एवढ्या उंचावरून लाकूड खाली आणायचा खर्च कोण करणार? तो तसाच पडून राहिला, छप्पर खचलं, झाडं वाढली. १९३० च्या आसपास गावातल्या एका शाळामास्तरांनी गडाची मोजमापं घेऊन तो लोकांपुढे मांडला, आणि १९३९-४० मध्ये दुरुस्ती झाली. कौलं गावकऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी पाठीवर वाहून वर नेली. त्याच चढावरून तुम्ही आलात.

आणि मांजर. २०१८ च्या जुलैत पश्चिम जपानात महापूर आला, पर्यटक आटले. त्याच सुमारास घरातून पळालेलं एक बोकोबा गडावर येऊन राहिलं. त्याला सांजुरो हे नाव मिळालं आणि डिसेंबरमध्ये ते ‘गडाचं मांजर सरदार’ म्हणून जाहीर झालं. त्याच्यामुळे लोक पुन्हा गडावर येऊ लागले. मुलं बरोबर असतील तर मांजराच्या दर्शनाच्या वेळा माहिती केंद्रात विचारा.

मागचा जुना गड

बहुतेक जण मनोरा पाहून उतरतात. पायात बळ आणि हातात तासभर असेल तर मागे जा. मनोऱ्याच्या पाठीमागे कातळावर निजू-यागुरा हे दुमजली बुरूजघर आहे, तेही मूळचं. त्या बुरूजघराच्या पलीकडून वाट झाडीत उतरते आणि ओमात्सुयामाकडे जाते, जिथे १२४० चं पहिलं ठाणं होतं. इथे तिकीट नाही, गर्दी नाही. उरलंय ते मातीच्या वळकट्या, खंदक, सपाट केलेल्या जागा आणि दगडांनी बांधलेलं मोठं पाण्याचं तळं. गडावर पाणी कुठे, हा प्रश्न ज्यांना पहिल्यांदा पडतो, त्यांना ते तळं पाहून समाधान वाटेल. १५७४-७५ मध्ये मिमुरा आणि मोरी घराण्यांत झालेल्या लढाईच्या वेळी सगळा डोंगरच गड होता, हे इथे फिरल्याशिवाय कळत नाही. एकटे असाल तर मात्र दुपारी उशिरा जाऊ नका आणि पावसानंतर जाऊच नका.

ढगांवरचा किल्ला

ज्या छायाचित्रामुळे हा गड जगभर पोचला, त्यात मनोरा ढगांच्या समुद्रावर तरंगताना दिसतो. ते दृश्य गडावरून दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या डोंगरावरची निरीक्षण जागा आहे, स्थानकापासून गाडीने वीसेक मिनिटांवर. शरद ऋतूत दिवसा ऊन आणि रात्री थंडी असली, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की नदीची वाफ दरीत साचून धुकं होतं. सूर्योदयापासून सकाळी आठपर्यंत ते टिकतं. गड नऊला उघडतो, म्हणजे दोन्ही एका फेरीत करायचं तर आदल्या रात्री ताकाहाशीत मुक्काम हवा आणि पहाटेची टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली हवी. आदल्या दिवशी पाऊस आणि रात्री आकाश स्वच्छ, असं जुळलं तर शक्यता चांगली. जाडजूड जाकीट आणि हातमोजे घ्या, तिथे उभं राहून वाट पाहायची असते.

उतरल्यावर

उतरताना टॅक्सी असली तरी जुन्या गावात उतरा. इशिबियाचो ही सामुराई वस्ती, पांढऱ्या भिंती आणि जुनी घरं, त्यातली दोन आतून पाहता येतात. तिथून जवळच राइक्यूजी मंदिर. १६०० नंतर गडाचा कारभार कोबोरी घराण्याकडे आला. गड मोडकळीला आला होता म्हणून कोबोरी एन्शू या मंदिरात राहिला आणि त्याने इथे बाग केली. पुढे तो जपानचा थोर चहागुरू आणि बागशिल्पी झाला. पांढऱ्या रेतीत दगडांची बेटं, मागे लाटांसारखी छाटलेली झुडपं, आणि त्यापलीकडे अतागो डोंगर बागेतच सामील करून घेतलेला. ओसरीवर बसून पाहायची बाग आहे. पाच वाजता बंद होते, चारच्या आत पोचा.

जेवणाचं सांगतो. गावातलं एक अलीकडचं वैशिष्ट्य म्हणजे इंडियन टोमॅटो याकिसोबा, करी मसाला आणि स्थानिक टोमॅटो घालून परतलेल्या नूडल्स. त्यात बहुधा मांस असतं, शाकाहारी असाल तर ऑर्डर देण्याआधी विचारा. शुद्ध शाकाहारींना लहान गावात अडचण होते, कारण भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. ओकायामाहूनच खाणं घेऊन निघा. घरी न्यायला युबेशी घ्या, युझू नावाच्या लिंबाच्या सालीची आणि तांदळाच्या पिठाची चिवट गोड वडी, ताकाहाशीची खासियत.

संध्याकाळची याकुमो दोन्ही दिशांना मिळते. दक्षिणेला ओकायामा, उत्तरेला मात्सुए. मात्सुएचा मनोराही मूळच्या बारांपैकी एक आहे, आणि राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळालेल्या पाचांपैकी. दोन दिवस असतील तर उत्तरेचं तिकीट काढा.